परातीपुढची पाचवी लेखणी

मी पाचवी लेखणी बोलतेय. शाळेतली नव्हे हं! गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायचं यंत्र होतं, त्याच्या आठ लेखण्यांतली मी. माणसाच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या, खाली कागद सरकत राहायचा आणि डोक्यात चाललेली बारीकशी वीज आम्ही शाईने रेखायचो.

डॉक्टर किशनराव पांढरा शर्ट घालून वाकले की मी नेमका शाईचा थेंब उडवायची. पेशंटने आवंढा गिळला, पापणी हलवली, की आमच्या उड्या सुरू. म्हणून डॉक्टर प्रत्येकाला दटावायचे, "हलू नका!" जिवंत माणसाला हलू नको म्हणायचं, म्हणजे कमालच की नाही?

१९८४ साली आळंदकडच्या एका खेड्यातून शोभाबाई आली. भाकरी थापता थापता तिचे हात थांबत, नजर एका जागी थिजे. हाक मारली तरी ओ नाही. तव्यावरची भाकरी करपून जाई. दोनदा निजवून आलेख काढला. दोन्ही वेळा आम्ही शहाण्यासारख्या सरळ चाललो.

तिसऱ्या खेपेला तिची सासू चांगुणाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "नाटकं करायलीय ही. आज बी कागद चांगला आला, तर हिला बसवकल्याणला माहेरी सोडते. कायमची."

शोभाबाई रडवेली झाली. "डॉक्टरसाब, निजल्यावर कुठं व्हतंय? भाकर थापताना व्हतंय."

डॉक्टरांनी चक्क परात आणि ज्वारीचं पीठ मागवलं. मला तर आनंदाने शाई आवरेना! पण हात हलले की वायरी हलणार, आम्ही नाचणार. त्यात डोक्याचं कोणतं नि हाताचं कोणतं, हे कसं कळायचं?

"अक्का, आधी तुम्ही थापा," डॉक्टर सासूबाईंना म्हणाले.

"मी कामून? माझं डोकं बिघडलंय व्हय?"

"न्हाई बिघडलं, म्हणूनच तुम्ही."

चांगुणाबाईंच्या डोक्याला वायरी लागल्या. एक थाप, एक उडी. मध्येच त्या सुनेला टोमणा मारत, की जबड्याच्या हालचालीने आमच्या रेघा काळ्याकुट्ट. इतकी शाई मी जन्मात खर्चली नव्हती. त्या दम घ्यायला थांबल्या, तशा आम्हीही गप्प. "माझे हात थांबले की ह्या बी थांबत्यात!" म्हणत त्या दोनदा मुद्दाम थांबून बघत्या झाल्या.

मग शोभाबाई. पहिली भाकरी, दुसरी. थाप आणि उडी, अगदी सासूसारखंच. माझा जीव टांगणीला लागला. एकसुद्धा खोडी सुचेना. तिसरी भाकरी अर्धी झाली आणि तिचे हात थांबले. बोट हलेना, पापणी लवेना.

आणि मी मात्र धावत सुटले! आम्ही आठीजणी एका तालात, टोकदार डोंगर काढत.

डॉक्टर काही बोलायच्या आधी चांगुणाबाईच पुटपुटल्या, "हात तर थांबलेत... मग ह्या कामून पळायल्यात?"

"ही फिट आहे, अक्का, गोळ्यांनी थांबेल," डॉक्टर म्हणाले.

शोभाबाई भानावर आली, तेव्हा तिची अर्धी भाकरी सासूबाई थापत होत्या.

"गोळ्या लागू पडूस्तवर भाकरी मी करते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू नुसती जवळ बस."

पुढे नवं यंत्र आलं. आता मी डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात पडून असते. टोकाला त्या दिवशीचं पीठ अजून चिकटलंय. मला फेकायचं तर फेका बापडे. पण कुणी म्हणालं, "मला काम करताना होतंय," तर त्याला निजवून मोकळे होऊ नका. त्याचं काम करताना त्याला बघा.

आणि हो, खण उघडताना पांढरा शर्ट घालू नका. माझी शाई वाळली असं सगळ्यांना वाटतं, पण एक थेंब मी राखून ठेवलाय.