शैलाकाकूंच्या देव्हाऱ्यातला ग्रीक राजा

मित्रांनो, मी दिसायला अगदीच किरकोळ. अंगठ्याच्या नखाएवढा, रुप्याचा, कडेला जरासा वाकडा. पण माझ्या आकारावर जाऊ नका, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मी मांडीवर खेळवलं असतं. मी मिनँडर नावाच्या ग्रीक राजाचं नाणं आहे.

टांकसाळीत तापलेल्या चांदीच्या चकतीवर हातोडा बसला आणि मी जन्माला आलो. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला राजा, भोवती त्याचं नाव. दुसऱ्या बाजूला अथीना ही ग्रीकांची देवी, एका हातात ढाल, दुसरा हात उगारलेला. माझा राजा पंजाबाकडे राज्य करायचा. हिंदुस्थानात लोक त्याला मिलिंद म्हणू लागले. भिक्षूंना बोलावून प्रश्नांनी भंडावून सोडायची त्याला भारी हौस. तो गेला तेव्हा त्याच्या राखेसाठी शहरं भांडली आणि शेवटी प्रत्येकाने आपला वाटा नेला, असं सांगतात. अशा राजाचं नाणं असल्याचा मला अजून ताठा आहे.

हातोहात फिरत मी भडोचच्या बंदरात पोचलो, आणखी खाली घरंगळलो आणि मातीत गेलो तो गेलोच. कित्येक शतकांनी डहाणूजवळच्या एका वाडीत विहीर खणताना पहारीला लागलो. घरच्या बाईने मला धुतलं, उगारलेला हात पाहिला आणि म्हणाली, "देवी आली गं बाई!" झालं. चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या टाकांशेजारी मीही कुलदेवी म्हणून बसलो. देवी वर, राजा खाली, त्याचं तोंड तांदळात. सुरुवातीला फार अपमान वाटला. मग सवय झाली आणि खरं सांगू, आवडायलाही लागलं.

शैलाकाकू त्या घरची सून. लग्नानंतर त्यांनी मला ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून अमेरिकेत आणलं, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला. रोज सकाळी मोहनकाका ट्रेन गाठायला बाहेर पडले की काकू मला ताम्हनात घेत, पाणी घालत आणि अंगठ्याने पुसत. सणावारी दंतमंजन लावून घासत. काकांचं हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं त्या दिवशी तर त्यांचा अंगठा माझ्यावरून हलतच नव्हता. एवढी माया मला राजाच्या राज्यातही मिळाली नव्हती.

पुढे काही वर्षांनी मोहनकाका गेले. काकूंचे गुडघे जिन्याला नको म्हणू लागले आणि घर विकायचं ठरलं. वृद्धांच्या ज्या इमारतीत त्या जाणार होत्या, तिथे खोलीत दिवा लावायला बंदी. दिव्याशिवाय देव ठेवायचे हे काकूंच्या मनाला पटेना. त्यांनी दोन्ही मुलांना बोलावलं.

"देव कोण नेणार?" त्यांनी विचारलं.

"आई, पूजा वगैरे मला नाही जमणार," नकुल म्हणाला. "आय ट्रॅव्हल सो मच."

"माझ्या अपार्टमेंटमध्ये जागाच नाही गं," इला म्हणाली. ती पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला शिकवते.

"बाकीचे मी मंदिरात देईन. निदान देवी तरी न्या रे. तिला आपल्यातल्या कोणाच्या तरी घरात राहू दे."

मग इलाने मला उचललं, उलटं केलं आणि ती थबकली. फोन काढून तिने बराच वेळ काहीतरी शोधलं.

"ओ माय गॉड! आई, ही देवी नाहीये. हे ग्रीक आहे. किंग मिनँडरचं नाणं! दोन हजार वर्षांपूर्वीचं!"

"वेट, सीरियसली?" नकुल उठलाच. "मग मी नेतो. मस्त फ्रेम करून लावतो."

"नो वे. मी ओळखलं, मी नेणार."

घटकाभरापूर्वी मी दोघांनाही नको होतो. काकू एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. इलाने त्यांना फोनवर दुसऱ्या एका नाण्याचा फोटो दाखवला. त्यावरच्या अथीनाचं नाक, डोळे, सगळं लख्ख होतं.

"इतकी तरुण होती ही?" काकू म्हणाल्या. मग फोन परत देत, "इला, तुझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी साकडं कोणाला घातलं गं मग?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की काकू, मी ऐकत होतो, सगळं ऐकत होतो. पण तोंड असून नाण्याला बोलता येत नाही. त्या दिवशी काकूंनी मला पुसलं, पण कुंकू लावलं नाही. मला फार वाईट वाटलं.

आता मी इलाच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये असतो. राजा पुढे, देवी भिंतीकडे. येणारे-जाणारे वाकून बघतात, 'वॉव' म्हणतात. परवा काकू आल्या. त्यांनी काचेवर हात ठेवला.

"इला, जरा उलटं लावशील? मला ती बघू दे."

"आई, त्या बाजूला काहीच नाहीये गं. सगळं घासून गेलंय."

काकूंनी मान डोलावली. अंगठा स्वतःच्याच बोटावर फिरवत त्या तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझ्या राजाची काळजी करू नका, तो काचेआड सुखरूप आहे. पण तुमच्या घरात एखादी वस्तू गुळगुळीत झालेली दिसली, तर ती कोणाच्या हाताने तशी झाली ते विचारा. आणि ते माणूस आहे तोवरच विचारा.