नाव घेतलं की एक बटण

बाबांनी मुडद्याच्या वतीने फासा टाकला. एक पडला. जावयाने बशीतलं शेवटचं बटण उचललं.

"मुडदा गार, बाबा. सलग तिसऱ्यांदा."

बाबांनी चष्मा पुसला आणि कागद पुन्हा वाचला. टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत, फाशांनी खेळायच्या खेळांचे नियम लिहिणं हा त्यांचा धंदा. नव्या पुस्तकातले सदतीस राक्षस झाले होते. उरला होता हा एक मुडदा, मेल्यावर परत येणारा. छापखाना दुपारी दोनपर्यंत थांबणार होता आणि दीड वाजून गेला होता.

नियमातली फट शोधायचं काम बायकोचं. "ही बघा, इथून मी सटकले," म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तिच्या नजरेखालून न गेलेलं हे पहिलंच पुस्तक. कुठेतरी भोक राहिलंय, या धास्तीने दोन दिवस ते तोच कागद घोकत होते.

"नियम परत सांग बरं," मुलगी म्हणाली.

"घाव बसला की एक बटण जातं. खेळणाऱ्यांपैकी कुणी त्याचं नाव घेतलं की एक परत येतं. बशी रिकामी झाली की तो संपला."

"मग नावच घ्यायचं नाही. आम्ही तिन्ही वेळा तेच केलं."

"तासभर? चुकूनही तोंडातून जात नाही?"

"नाही जात." ती हातातल्या एका बटणाची भोकं नखाने चाचपत राहिली. आईच्या शिवणाच्या डब्यातलंच होतं ते. "आपल्याला सवय आहे, बाबा. आठ महिने घरात दुसरं काय करतोय? तू 'तुझी आई' म्हणतोस, मी 'ती' म्हणते."

जावई उठून उगाच पाणी प्यायला.

फोन वाजला. संपादक होता.

"काय झालं त्या मुडद्याचं? काढून टाकू?"

"नको. आहे तसा घे."

"फट नाही ना?"

"आहे. राहू दे."

"बरं," संपादक म्हणाला. "आणि पहिल्या पानावर 'नियम तपासले' याच्यापुढे जागा मोकळी आहे. कुणाचं नाव टाकू?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. मग आतल्या खोलीत हाक मारावी तसं, स्पष्ट, त्यांनी बायकोचं नाव घेतलं.

मुलीने हातातलं बटण बशीत ठेवलं.