मुतलकचा खांदा

मुतलकला साऱ्या जगात एकाच माणसाची भीती वाटे, आणि तो त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. धियाब डागण्या द्यायचा. पाठ धरो की कावीळ होवो, मआनकडचे बदू, वाळवंटातले भटके अरब, आधी त्याच्या तंबूत येत. लहानपणी बापाने मुतलकच्या पोटावर डाग दिला, तेव्हा त्याचे पाय घट्ट धरून बसला होता तो धियाबच.

त्यामुळे उजवा खांदा सुजला तेव्हा मुतलकने तो अब्याखाली, अंगावरच्या सैल झग्याखाली, झाकून टाकला. हस्नाने, त्याच्या बायकोने, गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकला, तेल घालून रगडला. सूज उतरायची सोडून चढली.

"अहो, भाऊजींना दाखवा एकदा."

"दाखवतो की! लोखंड तापवायला निमित्तच हवंय त्याला."

पण धियाबच्या तंबूतली शुक्रवारची कॉफी चुकवायची सोय नव्हती. धियाबने ओतली. मुतलक कोपर मांडीला टेकवून, मान खाली नेऊन प्यायला. पुरे झालं की उजव्या हातातली वाटी हलवायची, नाहीतर यजमान ओततच राहतो. आणि मुतलकने हात जरा हलवला की मानेपर्यंत कळ जाई. डावा हात पुढे करावा तर घरच्यांचा अपमान. बिचारा पीतच राहिला.

"काय रे, आज उंटाची तहान घेऊन आलायस?" धियाब म्हणाला.

"छान झालीय."

"छान? गेली चाळीस वर्षं कडू म्हणून नाक मुरडतोस. अबा काढ."

अबा निघाला. खांदा टरबुजासारखा तुकतुकीत झाला होता. धियाबची नजर चुलीशेजारच्या लोखंडी सळईकडे गेली आणि मुतलकच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी कॉफी पिऊनही.

धियाबने हाताची मागची बाजू खांद्याला अलगद लावली. खांदा चांगलाच तापला होता.

"ऊठ. गाडीत बस."

"आणि सळई?"

"आगीवर आग ठेवतात का, गाढवा?"

इस्पितळात डॉक्टर रहफने सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं. दोघे भाऊ बाकावर वाट बघत बसले. हात कायमचा गेला, असंच मुतलकने धरलं होतं.

"पू नाही," डॉक्टर हसत आली. "सांध्यात बारीक खडे साचून दाह झालाय. गोळ्या घ्या, बर्फाने शेका, हात झोळीत ठेवा. चोळायचं नाही, गरम काही लावायचं नाही. सूज उतरली की हळूहळू व्यायाम. हात बरा होईल."

मुतलकला रडूच आलं. ते लपवावं असं त्याला वाटलंही नाही.

डॉक्टर जाता जाता वळली. "आणि काका, तुमचा गुडघा काय म्हणतोय?"

धियाब छताकडे पाहू लागला.

"गुडघा?" मुतलकने डोळे पुसले. "दादा, तू इथे गुडघा दाखवतोस? घरच्या घरी डाग नाही दिलास?"

"भाजतं रे," धियाब पुटपुटला.

मुतलक इतका हसला की खांदा पुन्हा ठणकला.

सूज उतरली, हात झोळीतून निघाला, आणि एका शुक्रवारी मुतलकने कॉफी पिऊन वाटी हलवली. चांगली ऐटीत हलवली. धियाबने तरीही ओतली.

"अरे दादा, हलवली ना मी!"

"पाहिलं," धियाब म्हणाला. त्याची नजर मुतलकच्या खांद्यावर होती. "पी, आणि पुन्हा हलव."