दोन एकेरी की एक दुहेरी

गादीच्या दुकानात शिरतानाच चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की काही झालं तरी पाठ टेकायची नाही. हाताने दाबून बघू, काठावर बसून बघू, फार तर कोपर रोवून बघू. आडवं मात्र व्हायचं नाही. गेला आठवडाभर काळजीने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि अशा माणसाने मऊ जागी पाठ टेकली की पुढे काय होतं हे ते जाणून होते.

चष्मेवाले घोरायचे. साधंसुधं नव्हे. एकदा रात्रीच्या बसमध्ये त्यांच्या घोरण्याने ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन इंजिन तपासलं होतं. त्यांची बायको मोठ्या मनाची. तिने वर्षानुवर्षं कानात कापूस घालून काढली आणि अखेर उशी काखोटीला मारून दुसऱ्या खोलीत गेली. हसत हसत गेली, पण गेली. "मी होते म्हणून निभावलं," ती म्हणायची, "दुसरी कुणी असती तर आठवड्यात पळाली असती." ती वारली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती, तरी हे वाक्य काही त्यांच्या कानातून गेलं नव्हतं.

आणि आता खरंच दुसरी कुणी येणार होती. येत्या सोमवारी नोंदणी कचेरीत दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या.

ही दुसरी म्हणजे डॉक्टरबाई, दातांच्या. त्यांचीही जोडीदारावाचून बरीच वर्षं गेलेली. चष्मेवाले अक्कलदाढ काढायला त्यांच्या खुर्चीत बसले तेव्हा ओळख झाली. तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे बाई बोलत राहिल्या आणि चष्मेवाले नुसतं 'हं' करत राहिले. बाईंचा समज झाला की हा माणूस मुळातच ऐकून घेणारा आहे. कापूस निघाल्यावरही तो समज टिकला आणि गोष्ट सोमवारपर्यंत येऊन पोचली.

सगळं सांगून झालं होतं. बीपीची गोळी, चहात दोन चमचे साखर, चष्म्यांचं दुकान लेकीच्या नावावर केलंय ते, सगळं. घोरण्याचं तेवढं तोंडाशी यायचं आणि परत जायचं. शेवटी त्यांनी एक तोडगा काढला होता: दोन एकेरी गाद्या घ्यायच्या आणि हळूच दोन खोल्यांत टाकायच्या. नव्या संसाराला नवी गादी हवी हा हट्ट लेकीचा होता, आणि तीही दुकानात बरोबर आली होती.

गादीवाला काडीसारखा बारीक, पण बोलण्यात पटाईत. लोकांच्या पाठींबद्दल तो घरच्या माणसांसारखा जिव्हाळ्याने बोलायचा. गादी लाकडासारखी कडक असली म्हणजे पाठीला चांगली, हे खूळ आधी डोक्यातून काढा म्हणाला. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा थोडा आत जायला हवा, कंबर मात्र लोंबता कामा नये. घरी नेल्यावर वरचं प्लास्टिक काढायचं, खोळ घालायची, दर तीन-चार महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे करायची, म्हणजे एकाच जागी खड्डा पडत नाही. डॉक्टरबाई मान डोलावत ऐकत होत्या. रोज ब्रश करा हे आयुष्यभर लोकांना सांगितलेलं असल्यामुळे निगा राखायला सांगणारा माणूस त्यांना आपल्यातला वाटत असावा.

"मग दुहेरीच दाखवू ना?" गादीवाल्याने विचारलं.

"दोन एकेरी," चष्मेवाले घाईने म्हणाले.

लेकीने वळून बघितलं. डॉक्टरबाईंनी बघितलं नाही, त्या शेजारच्या गादीची शिवण निरखायला लागल्या.

चष्मेवाल्यांनी मग पाठ करून आणलेली कारणं एकेक करून सोडली. प्रत्येकाचं वजन वेगळं, प्रत्येकाची पाठ वेगळी. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हिसका बसतो. शिवाय या वयात ज्याची त्याची जागा असलेली बरी. हे शेवटचं त्यांनी आयत्या वेळी जोडलं आणि जोडल्याबरोबर त्यांना कळलं की ते नको होतं. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, तुम्हाला सोयीचं असेल तसं करू. त्यांची बोलघेवडी जीभ तेवढ्यावरच थांबली. घोरण्याने बाई पळतील म्हणून चष्मेवाल्यांनी दोन गाद्यांची युक्ती काढली, आणि त्या युक्तीनेच बाई पाऊल मागे घेताना दिसत होत्या.

गादीवाल्याला यातलं काही दिसत नव्हतं. हिसक्याचं नाव निघाल्यावर तो पेटलाच. या गादीतली प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत आहे, एकाने उडी मारली तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही, तुम्ही झोपूनच बघा, असं म्हणत त्याने चष्मेवाल्यांचे खांदे धरले. लेकीने खाली वाकून त्यांचे बूट काढले. दोघांपुढे एकट्याचं काय चालणार? चष्मेवाले आडवे झाले.

डॉक्टरबाई पुढे आल्या. "कंबर बघायची ना?" त्यांनी गादीवाल्याला विचारलं आणि स्वतःच चष्मेवाल्यांच्या कमरेखाली हात सरकवला. हात सहज आरपार गेला तर गादी कडक, शिरलाच नाही तर मऊ. हा थोडा अडून गेला. अगदी बरोबर, असं गादीवाला म्हणाला. बाईंचा हात उबदार होता. चष्मेवाल्यांनी छताच्या पंख्याकडे बघितलं आणि आता उठायचं असं मनाशी म्हटलं. ते म्हणता म्हणताच त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पंखा तिथेच होता, पण दारातलं ऊन हलून भिंतीवर गेलं होतं. पायाशी लेक ओढणीने तोंड झाकून बसली होती. ती हसतेय की रडतेय हे कळायला मार्ग नव्हता. दुकानात चार-पाच अनोळखी गिऱ्हाईकं हाताची घडी घालून उभी होती, आणि गादीवाला त्यांना समजावत होता की यात बनवाबनवी काही नाही, काका खरेच झोपलेत.

"घोरलो का मी?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला होता, बाबा."

झालं, संपलं सगळं. आता बाई कुठे आहेत, निघून गेल्या का, हे विचारायचा त्यांना धीर होईना. त्यांनी मान वळवली. डॉक्टरबाई त्याच गादीवर, त्यांच्या शेजारी, चपला काढून कुशीवर गाढ झोपल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या बाईंचं स्वतःचं तोंड थोडं उघडं होतं.

लेकीने सांगितलं की आधी त्या नुसत्याच शेजारी बसल्या होत्या. श्वास मधेच अडकतो का ते बघते म्हणाल्या, आणि बघता बघता आडव्या झाल्या. बोलण्याच्या आवाजाने बाई जाग्या झाल्या. गिऱ्हाईकं बघून त्यांनी केस सारखे केले, पण उठल्या नाहीत.

"मी घोरतो," चष्मेवाले म्हणाले. "म्हणून दोन हव्या होत्या."

"घोरता हे मला दाढ काढली त्याच दिवशी कळलं. घसा बघितलाय मी तुमचा." बाईंनी गादीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "दोन गाद्या त्यासाठी आहेत, हे नाही कळलं. मला वाटलं, मीच नको आहे."

चष्मेवाल्यांना एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती आणि एवढा आनंदही झाला नव्हता. काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर कापूस नसतानाही नुसतं 'हं' निघालं.

"माझ्या घरात रात्री फक्त फ्रिजचा आवाज असतो," बाई म्हणाल्या. "तो ऐकत पडायचं. आणि तो बंद झाला की मला जाग येते."

गादीवाला वही घेऊन जवळ आला आणि अदबीने विचारू लागला, मग कसं करायचं, दोन एकेरी की एक दुहेरी. चष्मेवाल्यांनी बाईंकडे बघितलं.

"एक," बाई त्याला म्हणाल्या. मग चष्मेवाल्यांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही खुशाल घोरा. फक्त माझ्याआधी थांबू नका."