धोळीची तिसरी फेरी

मित्रांनो, आत्मवृत्त सांगायला बसणारे बहुतेक जण जुने असतात. कुणी मोडकी खुर्ची, कुणी गंजलेला कंदील. मी मात्र एक टगबोट आहे आणि माझं वय अवघं तीन वर्षांचं. एवढ्या लहान वयात हे रडगाणं कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण गेल्या पावसाळ्यापासून माझं इंजीन फिरलेलं नाही, माझ्या केबिनमध्ये एक कोंबडी अंडी घालते आणि तिच्याशिवाय माझं ऐकणारं इथे कुणी नाही. ती तरी किती ऐकेल? म्हणून तुम्हाला बोलावलं.

टग म्हणजे ओढणारी बोट. स्वतः लहान, पण मागे दोर बांधला की मोठे तराफे ओढत नेणारी. समुद्राकडे अशा पुष्कळ असतात. यवतमाळ जिल्ह्यात मी एकटीच. मी पहिल्यांदा भोंगा वाजवला तेव्हा बोरी अरबच्या बाजारात बैल बुजले आणि केळापूरला एका म्हशीने दोन दिवस दूध चोरलं. हे थोडं वाढवून सांगितलं. वाढवून सांगायची सवय मी माझ्या मालकाकडून उचलली. मात्र जिथे तुम्हाला हसू येणार नाही, तिथे मी एक अक्षरही वाढवलेलं नाही, एवढं धरून चला.

माझे मालक रामधन राठोड. महागावच्या पुढे, धरणाच्या काठावर त्यांचा तांडा आहे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. रामधन मात्र पोटासाठी समुद्रकाठी गेले आणि एका बोटींच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड जोडत राहिले. तीस वर्षांत त्यांनी शेकडो बोटी जोडल्या, पण चालवली एकही नाही. बोट पाण्यात उतरली की दुसरेच लोक तिला घेऊन जायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

म्हातारपणी ते तांड्यावर, शेतीकडे परतले आणि घरामागच्या कडुलिंबाखाली त्यांनी मला जोडायला घेतलं. माझे पत्रे नवे. इंजीन एका निकामी ट्रॅक्टरचं, ते महागावच्या देवीलाल मिस्त्रीनं बसवलं. सुकाणूचं चाक भंगारातल्या ट्रकचं, भोंगाही त्याच ट्रकचा. केबिनमध्ये झोपायच्या दोन फळ्या, चहापुरती शेगडी आणि खिडकीला लाल पडदा. पडद्यावर हंसाबाईंनी आरसे आणि कवड्या टाचल्या होत्या. हंसाबाई म्हणजे रामधनच्या घरधनीण. मला पांढरा रंग दिला आणि पणजोबांच्या पुढल्या बैलाच्या, धोळोच्या नावावरून नाव ठेवलं धोळी. त्यांच्या गोर, म्हणजे बंजारा बोलीत धोळी म्हणजे पांढरी.

लोक विचारायचे, शेतकऱ्याला बोट कशाला? रामधन सांगायचे की मच्छीमारांचे मासे वाढवायचे तरंगते पिंजरे ओढीन, दोन दिवस पाण्यावर मुक्काम करीन, कुणाला हवापालट करवीन. ते सगळं खरं होतं. पण खरं कारण समोरच्या काठावर दोरीला वाळत असायचं.

धरण व्हायच्या आधी खाली एकच तांडा होता. हंसाबाई आणि त्यांची थोरली बहीण गोमीबाई तिथेच जन्मल्या, तिथल्याच दोन घरांत दिल्या गेल्या. पाणी चढलं तेव्हा निम्मी घरं या काठावर आली, निम्मी त्या काठावर. दोघी बहिणींच्या मध्ये दीड किलोमीटर पाणी येऊन बसलं. रस्त्यानं जायचं तर सगळा वळसा घालून दिवस मोडतो, आणि रस्ता असा, की एसटीतल्या माणसाचे दात मोजून घ्यावेत. हंसाबाईंच्या मणक्याचं दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टरांनी गाडीचा प्रवास बंद केला. मच्छीमाराच्या चपट्या डोंग्यात मांडी घालून बसणंही त्यांना जमेना. गोमीबाईंचे गुडघे गेले होते आणि कान त्याही आधी, त्यामुळे फोनवर दोघी नुसत्या ओरडायच्या.

मग गोमीबाईंनी एक खूण काढली. रोज सकाळी त्या आपला फेटिया, म्हणजे लमाणी बायकांचा तो घेरदार लाल घागरा, धुऊन काठावरच्या उंच दोरीवर टाकायच्या. इकडून तो लाल ठिपक्यासारखा दिसायचा. ठिपका दिसला म्हणजे गोमी बरी आहे. हंसाबाई तो पाहूनच चहा घ्यायच्या. होळीच्या आत तुले बहिणीकडे नेतो, असं रामधननी त्यांना कबूल केलं होतं. येताना गोमीबाईंना महिनाभरासाठी इकडे आणायचं होतं. त्यासाठी त्यांनी पाठीला टेका देणाऱ्या दोन लोखंडी खुर्च्या बनवल्या, माझ्या दोन्ही अंगांना एकेक बसवायला. उजवी बसवून झाली. डावी अंगणात रंग वाळत पडली होती.

मी पाण्यात उतरले त्या दिवशी सगळा तांडा काठावर आला. मला नारळ फोडला, हळद लावली. मी बुडले नाही, यावरच लोक इतके खूश झाले की मला स्वतःची लाज वाटली.

हंसाबाई त्याच दिवशी गाठोडं घेऊन तयार होत्या. गाठोड्यातल्या गोड रोटांचा वास माझ्या इंजिनापर्यंत येत होता. पण रामधनच्या घरची एक रीत होती. नवा बैल आधी तीन फेऱ्या नुसतं ओझं वाहील, मगच घरचं माणूस त्याच्या भरवशावर निघेल. पणजोबांनी ती पाळली, आजोबांनी पाळली. रामधनचा जीव बायकोवर होता, म्हणून त्यांनीही ती पाळायची ठरवली.

पहिल्या फेरीला त्यांनी माझ्या केबिनमध्ये सोयाबीनची चार पोती टाकली आणि काठाकाठानं मला फिरवलं. मी लोण्यासारखी चालले. दुसऱ्या फेरीला श्रावण मच्छीमाराचा माशांचा पिंजरा मागे बांधला. तो मी असा ओढला की आतल्या माशांना आपण कुठे आलो ते दोन दिवस कळलं नाही.

हंसाबाई म्हणाल्या, झाली की आता, चला. लाल ठिपका समोर हलत होता, वारा शांत होता. रामधन म्हणाले, एकच फेरी राहिली आहे, उद्या ती झाली की परवा निघू.

तिसरी फेरी पूर्ण ओझ्याची. बैलाला पूर्ण लादायचं म्हणजे काय, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं; बोट लादायची वेळ मात्र कधी आली नव्हती. गोण म्हणजे जोड पिशवी. ती पाठीवर आडवी टाकायची, अर्धं ओझं इकडे, अर्धं तिकडे, दोन्ही बाजू तोलून. हंसाबाईंनी शिवलेल्या सहा गोणी त्यांनी सोयाबीननं भरल्या, काट्यावर दोन्ही बाजू तोलल्या आणि माझ्या केबिनच्या छपरावर ओळीनं आडव्या लटकवल्या. काय सुंदर दिसत होते मी! पणजोबांचा धोळोच पाण्यात उभा असल्यासारखी.

श्रावण जाळं उपसत होता. तो म्हणाला, "काका, ओझं नावेच्या पोटात ठेवा. पाठीवर नका ठेवू."

"बैलाच्या पोटात गोणी भरतेत का रे?" रामधन म्हणाले. काठावरचे सगळे हसले. मीही हसले, हे मला कबूल केलं पाहिजे.

पण मित्रांनो, बैलाला चार पाय असतात. मला फक्त पोट आहे. मधल्या पाण्यात मी वळले आणि पश्चिमेकडून वाऱ्याची एक झुळूक आली, भाकरी फुंकावी एवढीच. मी जराशी कलले. बैल अशा वेळी पाय रोवतो. माझं डोक्यावरचं ओझं मला आणखी खाली दाबत गेलं. खिडकीतून पाणी आत आलं, इंजिनानं ते पोटभर प्यायलं, आणि खालच्या बुडालेल्या तांड्यातल्या एका मोहाच्या खोडावर मी आडवी टेकले. रामधनना श्रावणनं डोंग्यात ओढून घेतलं. सोयाबीन माशांनी खाल्लं. तिथले मासे अजून जाडजूड आहेत म्हणतात, आणि एक तर मी स्वतः रेड्याएवढा पाहिला आहे.

एवढं हसून घ्या. यापुढे हसण्यासारखं काही नाही.

मला काठावर ओढून आणलं. देवीलालनं इंजीन उघडलं आणि किमान पंधरा दिवस लागतील असं सांगितलं. पाचव्या दिवशी मी उघडी पडलेली असताना रामधनचा फोन वाजला. पलीकडून गोमीबाईंची सून उज्ज्वला बोलत होती. दोन दिवसांच्या तापात गोमीबाई गेल्या होत्या.

रामधननी हातातला पाना खाली ठेवला. हंसाबाईंना सांगितलं असतं तर त्या मणक्याची पर्वा न करता एसटीत बसल्या असत्या, आणि कदाचित पुन्हा उठल्या नसत्या. मी चालू असते तर अर्ध्या तासात त्यांना पोहोचवलं असतं. पण मी चालू नव्हते, आणि कुणामुळे, ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उज्ज्वलेला हळू आवाजात एवढंच सांगितलं, "पोरी, फेटिया रोज दोरीवर टाकत जा. मी नाव नीट करून तिले घेऊन येतो. तेरवीच्या आत येतो."

घरी त्यांनी पुसदला इंजिनाचा भाग आणायला जातो असं सांगितलं आणि श्रावणच्या डोंग्यातून मेहुणीला माती द्यायला गेले. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. पुसदच्या बाजारात एवढं पाणी कुठून आलं, असं हंसाबाईंनी विचारलं नाही.

त्यानंतर रामधन दिवसभर माझ्यात डोकं घालून असायचे. देवीलालला वाटायचं, डिझेलच्या वासानं म्हाताऱ्याचे डोळे पाझरतात. हे मी वाढवून सांगत नाही. ते पाणी माझ्या पत्र्यावर पडलं आहे. रोज सकाळी समोर लाल ठिपका दिसायचा, हंसाबाई तो पाहून चहा घ्यायच्या, आणि रामधन माझ्या आडोशाला जायचे.

गोमीबाई गेल्याच्या अकराव्या दिवशी माझं इंजीन धडधडलं. या वेळी चाचणी नाही, ओझं नाही, रीत नाही. हंसाबाई हळूहळू चालत आल्या आणि उजव्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या मांडीवरच्या गाठोड्याला या वेळी गुळाचा वास नव्हता. माझ्या ते लक्षात आलं, रामधनच्या आलं नाही.

मधल्या पाण्यात, ज्या जागी मी कलले होते त्याच्या जवळ, रामधननी इंजीन मंद केलं. आपसात ते गोर बोलीत बोलायचे, पण तुमच्यासाठी मी वऱ्हाडीत सांगते.

"हंसे, तुले एक सांगायचं होतं."

"नाव चालवा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं समोर पाहतच बोलल्या, "गोमीचा फेटिया दुपारी दोरीवरून निघत होता. वाळला की ती घालत होती. आता अकरा दिवस झाले, तो सांजपर्यंत लटकून राह्यते. घालणारी असती तर लटकला असता का?"

रामधनच्या हातातलं चाक सुटलं. मी आपली आपणच सरळ चालत राहिले.

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी इंजिनात डोकं घालून रडत होते. मी बोलली असती तर तुमच्या हातून पाना सुटला असता. मले तेरवीले पोहोचायचं होतं."

रामधननी चाक पुन्हा धरलं. समोर उज्ज्वला काठावर उभी होती. फेटिया तिच्या हातात होता, टाकावा की नाही ते तिला समजत नव्हतं. हंसाबाई रामधनच्या खांद्याला धरून उतरल्या, तिच्या हातून तो घेतला आणि घडी घातली. "आता नको टाकू, पोरी," एवढंच म्हणाल्या.

तेरवी करून आम्ही परतलो तेव्हा उजव्या खुर्चीत हंसाबाई होत्या आणि डावीकडे नुसता पत्रा. मी सगळी वाट उजवीकडे कलून आले. रामधननी तोल साधायला एखादं पोतंसुद्धा टाकलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी खूप राबले. पिंजरे ओढले, तराफे ओढले. पलीकडे कुणाला तातडीनं जायचं असेल तर रामधन जेवणावरून उठायचे. एकदा एका बाळंतिणीला मी इतक्या वेगानं नेलं, की बाळ जन्मायच्या आधीच दवाखान्यात त्याचं नाव लिहून झालं होतं. लोक रविवारी येऊन माझ्याबरोबर फोटो काढायचे. मग गेल्या वर्षी वळशाचा रस्ता गुळगुळीत झाला, गाड्या धावू लागल्या, आणि वयानं रामधनचे हात थरथरू लागले. मला काठावर घेतलं ती आजपर्यंत. पडद्यावरचे आरसे गळून गेले आणि चाकात कोळ्यानं जाळं विणलं.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं ओढणारं, वाहणारं जुनं यंत्र असेल तर त्याच्या तळातलं पाणी उपसत जा, त्याच्या सांध्यांना तेल द्या. आम्हाला तेवढ्यावर पुष्कळ वर्षं काढता येतात. नवी वस्तू पारखूनही घ्या, त्यात चूक नाही. पण कुणी गाठोडं घेऊन काठावर बसलं असेल, आणि वारा शांत असेल, तर तिसऱ्या फेरीसाठी त्यांना थांबवू नका.

मागच्या महिन्यात देवीलाल मला पाहायला आला होता. जमिनीवरही मी उजवीकडे झुकलेली दिसते, असं तो म्हणाला. डाव्या अंगाला लोखंडाचा एक तुकडा जोडला तर धोळी सरळ होईल, आणि पुन्हा पाण्यात घालता येईल. रामधन अंगणातल्या त्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहत राहिले. तिचा रंग कधीच वाळून उडून गेला आहे.

"राहू दे," ते म्हणाले. "तिथं गोमी बसणार होती."