खाली असल्याशिवाय हलणार नाही

बॉलपेनमधल्या चार स्प्रिंगा.

डाव्या टाचेचे हाड.

दोन विटा, एकाच भट्टीतल्या.

एसटीच्या कंडक्टरने विचारले, “हा कूलर हाये का?”

माणूस, क्रमांक अठरा.

एक शब्द, दोन अक्षरांचा.

काच पुसायचे मऊ फडके.

मित्रांनो, हे तुकडे रस्त्यात पडलेले दिसले असते, तर ते एकमेकांचे आहेत असे तुम्हाला वाटले नसते. पण ते जोडले की मी होतो. मी एक जुना पूल आहे. माझ्याखाली नदी नाही, ओढाही नाही. माझी लांबी अडीच फूट. विमानतळावर इमारतीच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत एक बंद बोळ पुढे सरकतो आणि लोक त्यातून चालत विमानात जातात. त्याला एरोब्रिज म्हणतात. मी त्याचा नमुना आहे.

माझा जन्म रिठदचा. वाशीम जिल्ह्यातल्या या गावावरून विमाने जातात, पण फार उंचावरून. ती इथे थांबत नाहीत. मग इथे एरोब्रिज कशासाठी जन्मला, हे सांगतो.

मला घडवले ते पौर्णिमाने. डिप्लोमा झाल्यावर ती एका मोठ्या विमानतळावर एरोब्रिज चालवायच्या कामाला लागली. ही नोकरी तिला तिच्या मोठ्या भावाने, रवीने, सुचवली होती. तो तिथेच साफसफाईच्या कामावर होता. सुरुवातीला पौर्णिमा पुलाच्या टोकावरच्या केबिनमध्ये उभी राहून पूल चालवायची. पुढे नवी यंत्रणा आली. ऑपरेटरने दूरच्या खोलीत बसायचे, पडद्यावर पाहायचे आणि तिथूनच पूल हलवायचा. पौर्णिमाचे काम चांगले, म्हणून पहिल्या तुकडीत तिला त्या खोलीत बसवले.

एका दुपारी तिला पडद्यावर केबिन मोकळी दिसली. तिने पूल मागे घेतला.

केबिन मोकळी नव्हती. रवी कॅमेऱ्याच्या अगदी खाली, उघड्या टोकापाशी, गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता. पुलाला हिसका बसला आणि तो खालच्या सिमेंटवर पडला. जीव वाचला. डाव्या टाचेचे हाड मात्र असे फुटले, की त्याला आजही काठी लागते.

चौकशी झाली. पौर्णिमाचा दोष नाही, असे कागदावर लिहिले गेले. तिने नोकरी सोडली. दोघे भाऊबहीण रिठदला परत आले.

पुढचे सहा महिने तिने कुठल्याच बटणाला हात लावला नाही. रवी बाजेवरून म्हणायचा, “टीव्हीचा रिमोट तं दे वं. त्यानं कोनी पडत नाई.” ती हसायची नाही. रिमोट उचलून द्यायची, पण बटणांची बाजू खाली करून.

त्यांचे वडील पंजाबराव लोकांच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. ट्रॉली उलटवून माल ओतण्याआधी ते पत्र्यावर पंजा आपटून विचारतात, “खाली हाये का?” म्हणजे ट्रॉली माणसांनी रिकामी आहे का, मालावर कोणी बसलेले नाही ना. एकदा सोयाबीनची ट्रॉली उभी होती आणि मागून कोणी काही बोलेना. मालक घाई करू लागला.

“कोनी बोलून नाई राह्यलं म्हन्जे खालीच असंन नं, पंजाबराव. ओता.”

“उत्तर आलं नाई तं खाली हाये, हे तुमाले कोनं सांगितलं?” पंजाबराव म्हणाले, आणि उतरून स्वतः पाहून आले. आत कोणीच नव्हते. मालक चिडला. पौर्णिमा घराच्या ओट्यावरून हे पाहत होती.

त्या आठवड्यात मी जन्मलो. खिडकीच्या पडद्याच्या अॅल्युमिनियम पट्ट्यांचे माझे अंग, जुन्या छत्रीच्या कापडाचे तोंड, खेळण्यातल्या गाडीची मोटर. केबिनची फरशी पातळ पत्र्याची, आणि तिच्या चार कोपऱ्यांखाली चार स्प्रिंगा. त्या रवीने आपल्या चार बॉलपेनांमधून काढून दिल्या. फरशीवर काहीही ठेवले की पत्रा दबतो, वीज तुटते, लाल दिवा लागतो. मग दूरवरून कितीही बटण दाबा, मी हलत नाही. माझ्यात कॅमेरा नाही. मी आत पाहत नाही, तिथे कोणी आहे का ते फरशीला विचारतो.

आत ठेवायला तिने तुरीच्या काडीचा एक माणूस केला. तो उभा नव्हता. गुडघ्यांवर बसलेला होता.

मित्रांनो, नवी कल्पना सुचली की तिच्यासाठी पेटंट मागता येते. तुमची कल्पना खरोखर नवी आहे का, हे सरकारी परीक्षक तपासतात. नवी ठरली तर तिच्यावर तुमचे नाव लागते. पूल बनवणाऱ्या एका कंपनीला पौर्णिमाने पत्र लिहिले होते. उत्तर आले, आधी पेटंट आणा, मग पाहू. तिने पुण्याच्या तनुजा मॅडमना गाठले. पेटंटचे अर्ज तयार करणे हे त्यांचे काम.

पौर्णिमाने चार पाने मराठीत लिहून पाठवली. सर्वांत महत्त्वाचे वाक्य तिने एकदाच लिहिले, कारण तिच्या दृष्टीने त्यात समजावण्यासारखे काही नव्हते. ‘पूल खाली असल्याशिवाय हलणार नाही.’

सोबत दोन चित्रे काढली. मला अंगणात दोन विटांवर ठेवून, मोजून. पहिल्या चित्रात केबिनमध्ये काडीचा माणूस आणि लाल दिवा. दुसऱ्यात माणूस नाही आणि हिरवा दिवा. अर्जाच्या नियमाप्रमाणे माझ्या प्रत्येक भागाला क्रमांक मिळाला. केबिन बारा, फरशी चौदा, दिवा सोळा, माणूस अठरा. रवीला ते फार आवडले. “रवी कोनी म्हनू नका आता,” तो आईला सांगायचा, “अठरा नंबर जेवाले बसला म्हना.”

पुण्यात त्या पानांचे इंग्रजी झाले. छापील प्रत आली तेव्हा पौर्णिमाने ती वाचली. एक शब्द तिला खटकला. पण कायद्याची भाषा अशीच असेल, असे समजून तिने सही केली.

अर्ज गेला. वर्ष गेले, दुसरेही निम्मे गेले. मी बाजेखाली होतो. माझ्या छत्रीच्या कापडाला उंदराने भोक पाडले. एक कोंबडी माझ्या केबिनमध्ये बसू लागली. ती बसली की लाल दिवा लागायचा. पुढे सेल संपला आणि तेही थांबले.

मग परीक्षकाचा अहवाल आला. तनुजा मॅडमनी तो फोनवर मराठीत सांगितला. पौर्णिमाने स्पीकर लावला होता. सगळे घर ऐकत होते.

“ते म्हणतात, पूल खाली आणल्यावरच हलवायचा, हे जुनेच आहे. याआधी अनेकांनी लिहिले आहे. यात नवे काही नाही.”

“खाली आणल्यावर नाही, मॅडम. खाली असल्यावर.”

“तेच ना. खाली. लोअर्ड.”

“लोअर्ड कायले? खाली म्हन्जे, म्हणजे... रिकामा.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“पौर्णिमा, खाली म्हणजे रिकामा? हे हिंदीत.”

“आमच्यात बी तसंच म्हन्तात,” पंजाबराव फोनकडे झुकून म्हणाले. “रिकाम्याले आमी खाली म्हन्तो. अन् उतरल्याले खाल्ते. तुमी खालीले खाल्ते करून टाकलं, बाई.”

ही चूक पुण्यात झाली आणि रिठदलाही झाली. अर्जभर पूल ‘उतरवलेला असल्याशिवाय हलणार नाही’ असे छापले गेले होते. फरशीखालच्या स्प्रिंगा हिसका सोसण्यासाठी असतील, असे भाषांतर करणाऱ्याने गृहीत धरले. आणि पौर्णिमाला तो शब्द खटकूनही तिने विचारले नव्हते. त्या दिवशी ती फार वेळ हातात फोन धरून बसली. “मी पुन्हा न विचारताच बटण दाबलं, दादा,” ती म्हणाली. रवीनेही त्यावर काही विनोद केला नाही.

तनुजा मॅडमनी अडचण समजावली. अर्ज दाखल झाल्यावर त्यात नवे काही घालता येत नाही. चुकीची दुरुस्ती मागता येते, पण खरा अर्थ दाखल केलेल्या कागदांतच दिसला पाहिजे. मराठी पाने दाखल केलेली नव्हती. आणि नमुना, म्हणजे मी, अर्जाचा भाग धरला जात नाही. उत्तर द्यायला सहा महिने. नाही पटले तर अर्ज फेटाळला जाईल, आणि कल्पना तर आता छापली गेलेली, तीही चुकीची.

तनुजा मॅडमशी पाच महिने पत्रांवर पत्रे झाली. एका संध्याकाळी सगळे कागद ओट्यावर पसरले होते. पंजाबरावांना इंग्रजी येत नाही, म्हणून ते चित्रेच पाहत होते. एकदा हे, एकदा ते.

“पौर्णिमा, लाल दिव्यात पूल किती उंच हाये?”

“का बरं?”

“अन् हिरव्यात?”

तिने पट्टी आणली. दोन्ही चित्रांत उंची सारखीच होती. अगदी रेघेला रेघ. मला आठवत होते, पण बोलता येत नव्हते. दोन्ही वेळा मी त्याच दोन विटांवर होतो.

“पूल तं उतरलाच नाई,” पंजाबराव म्हणाले. “मंग दिवा काहून बदलला? बदललं ते एवढंच, का हा अठरा नंबर नाई.”

हाच मुद्दा उत्तरात गेला आणि सुनावणी लागली, तीही व्हिडिओवर. रिठदच्या घरात नेटवर्क टिकत नाही, म्हणून रिसोडला धनराजच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात जायचे ठरले. माझ्या कापडाला ठिगळ लावले, नवा सेल घातला. पौर्णिमाने मला पोत्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेतले. रवी काठी धरून शेजारी. तेव्हा तो कंडक्टर कूलरबद्दल बोलला.

“विमानात चढाचा पूल हाये,” रवी म्हणाला.

“रिसोडले विमान लागते का आता?”

“नाई लागत. पूल आधी नेऊन राह्यलो.”

पडद्यावर पेटंट कार्यालयाच्या अधिकारी आल्या. दुसऱ्या चौकटीत तनुजा मॅडम होत्या. पौर्णिमाने मला उचलून दाखवले. अधिकारी बाईंनी हात वर केला. “नमुना ठेवा. तो पाहून मला निर्णय देता येत नाही. कागदावर काय आहे ते सांगा.”

तिने मला टेबलाखाली ठेवले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत मोलाची चाळीस मिनिटे मी टेबलाखाली काढली. मला फक्त रवीची काठी आणि पौर्णिमाचे पाय दिसत होते. मला वाईट वाटले, पण ते बरोबर होते. ज्याची नोंद नाही त्यावर निवाडा देऊ नये.

तनुजा मॅडमनी उंचीचा मुद्दा मांडला. अधिकारी बाईंनी दोन्ही चित्रे मोठी करून पाहिली. मग त्यांनी मराठीत विचारले, “हा माणूस, क्रमांक अठरा. नुसता माणूस दाखवायचा तर सगळे उभा काढतात. तुम्ही बसलेला का काढला?”

पौर्णिमाच्या पायाची बोटे चपलेत आवळली गेली.

“उभा माणूस कॅमेऱ्यात दिसतो, मॅडम.”

“आणि बसलेला दिसत नाही, हे तुम्हाला कसे कळले?”

हे तिने तनुजा मॅडमनाही सांगितलेले नव्हते. धनराजने प्रिंटर थांबवला.

“मीच पाहत होते,” पौर्णिमा म्हणाली. “पडद्यावर कोणी नव्हतं. मी पूल हलवला. आत माझा भाऊ होता.”

अधिकारी बाईंनी चित्र पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, “हे मी निर्णयात धरू शकत नाही. पण चित्र धरू शकते. दुरुस्तीचा अर्ज लेखी द्या. नव्या अर्थाने पुन्हा शोध घेतला जाईल.”

पुन्हा शोध झाला. फरशीला विचारून थांबणारा पूल आधीच्या कागदांत त्या रूपात सापडला नाही. चार महिन्यांनी पेटंट मंजूर झाल्याचे पत्र आले. ‘उतरवलेला’ हा शब्द काढून त्या जागी ‘रिकामा’ हा शब्द मान्य झाला होता. पंजाबरावांनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “खाली लिहिलं का?” पौर्णिमा म्हणाली, “लिहिलं, बाबा.” त्या रात्री तिने टीव्हीचा रिमोट रवीला दिला, बटणांची बाजू वर करून.

पेटंटची प्रत कंपनीला गेली, तिचे उत्तर अजून आलेले नाही. पौर्णिमा वाट पाहते आहे.

मी आता गावातल्या शाळेत, विज्ञानाच्या कपाटावर असतो. मुले मला खाली काढतात, बटण दाबतात. मी सरकतो, ती टाळ्या वाजवतात. कधी कोणी केबिनमध्ये खडू ठेवून विसरतो. मग मी हलत नाही. मुले म्हणतात, “बिघडला हा.” मागच्या महिन्यात माझ्यावर ‘बंद’ अशी चिठ्ठी चिकटवली गेली. तेव्हा माझ्या आत खोडरबराचा एक तुकडा होता. अजूनही आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मी हललो नाही, तर मला लगेच बिघडलेला म्हणू नका. वाकून आत पाहा. काही थांबते ते मोडलेले असते म्हणून नाही, तर कोणीतरी आत असते म्हणून. आणि ज्यांचे काम गुडघ्यांवर बसून होते, ते कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत. हलवण्याआधी विचारा. उत्तर आले नाही, तर उतरून या.

केबिनमधल्या ज्या कॅमेऱ्यात तो दिसला नाही, त्याची काच अपघाताच्या दिवशी सकाळी रवीनेच मऊ फडक्याने पुसली होती.