धनुष्यात अडकलेली बाही

काडीच्या टोकावरचा इपॉक्सी गोंदाचा थेंब एरवी मधासारखा रेंगाळायचा. आज तो टपकन पडला. शबनूरने काडी पुन्हा उचलून पाहिली, मग वाटीला बोट लावलं. वाटी कोमट होती आणि ढवळेल तशी आणखी तापत होती.

ती लवळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि सुट्टीला पौडच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धनुष्यं बनवायची. बांबूच्या नि सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, वाकड्या साच्यावर दाबून क्लॅम्प आवळायचे. पट्ट्या बाजारातल्या फारूकच्या वखारीतून यायच्या. उन्हाळ्यात त्याने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती ‘बघते’ म्हणाली आणि थंडी पडली तरी बघतच होती. आज पट्ट्या टेकवताना त्याने शांतपणे सांगितलं, की फुपी, म्हणजे त्याची आत्या, त्याच्यासाठी आलेल्या एका स्थळाला दुपारी होकार कळवणार आहे. माझं काय ते आजच सांगा, परत विचारणार नाही.

आणि नेमकी आज वाटी तापली होती.

‘‘गोंदाच्या बाटल्या तुम्ही उन्हात ठेवल्या होत्या?’’

‘‘थंडीनं घट्ट झालं असंल, म्हणलं जरा पातळ होईल,’’ फारूक म्हणाला.

शबनूर कपाळाला हात लावणार होती, पण हात चिकट होता. तिनेही त्याच विचाराने साचा सकाळपासून बल्ब लावलेल्या पेटीत तापवला होता. एकाच धनुष्याची काळजी दोघांनी एकमेकांना न सांगता वाहिली होती. गरम झालेला गोंद भराभर घट्ट होतो; आता तासाभराचं काम चहा उकळेपर्यंत उरकायला हवं होतं.

मग जी धांदल उडाली! पट्ट्या ओल्या माशांसारख्या निसटू लागल्या. हिने एक टोक धरावं तर त्याचं सुटावं. आरडाओरडा ऐकून तिची आई रोशनबी पिठाच्या हातांनी धावत आली आणि मधोमध अंगाचा भार टाकून वाकली.

‘‘पोरांना तूच शिकवतीस ना गं हे?’’

त्यावर शबनूरला जे हसू फुटलं ते आवरेना. क्लॅम्पचा स्क्रू उलटा फिरायला लागला, फारूक हसत हसत खाली बसला आणि तसाच बसून आवळत राहिला. शेवटचा क्लॅम्प लागला तेव्हा वाटीतला उरलेला गोळा दगड झाला होता.

फारूक उठायला गेला आणि उठेना. त्याची बाही पट्ट्यांमध्ये पक्की दाबली गेली होती.

‘‘क्लॅम्प सोड की गं,’’ रोशनबी म्हणाली.

‘‘सोडला तर धनुष्य गेलं. उद्यापर्यंत उघडायचं नाही.’’

‘‘मग ह्यो उद्यापर्यंत हितंच बसणार व्हय?’’

‘‘माझी काय ना न्हाई, चाची,’’ फारूक म्हणाला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याचे दोन्ही हात चिकट. रोशनबीने फोन काढला, पिठाच्या बोटाने उचलला आणि स्पीकरवर टाकला. फुपी विचारत होती, लोक वाट बघतायत, त्यांना काय सांगू?

फारूक शबनूरकडे पाहत होता. ती अजून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. मोजायला, तोलायला, बघायला हाताशी काहीच उरलं नव्हतं. ती फोनवर वाकली.

‘‘फुपी, मी शबनूर बोलतेय. त्यांना नाही म्हणून सांगा. फारूकशी मी लग्न करणार आहे.’’